अजबखाना कीं शाळा?

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १ तारखेस इजिप्त देशांत, गीझा येथील पिरॅमिडांच्या सान्निध्यांत, एका नव्या विशाल पदार्थसंग्रहालयाचें समारंभपूर्वक उद्घाटन झालें. सन १९२२ मध्यें हॉवर्ड कार्टर यानें शोधून काढलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यांतील पांच हजारांहून अधिक वस्तु तेथें प्रथमच एके ठिकाणीं मांडण्यांत आल्या, आणि त्या राजाच्या सुवर्णमुखवट्याचीं चित्रें आमच्याकडील वर्तमानपत्रांतूनही झळकलीं. या थाटामाटाचें वर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच इमारतींत मुलांकरितां म्हणून एक वेगळें संग्रहालय ठेविलेलें आहे, तेवढ्या एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. आपल्या पूर्वजांचा ठेवा पाहून आपलीं मुलें घरीं काय घेऊन जाणार, हा प्रश्न त्या लोकांस इमारत उभारतांनाच पडला. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें २०१९ सालीं मुलांकरितां स्वतंत्र विभाग उघडून हाच प्रश्न आपणांसही पडला असल्याचें दाखविलें. परंतु असे अपवाद वगळले तर आमच्या शाळांस, आणि शाळांहूनही अधिक आमच्या पालकवर्गास, हा प्रश्न अद्याप पडलेला नाहीं, हें खेदानें म्हणावें लागतें.

आमच्याकडे या संस्थेस पुष्कळ दिवस ‘अजबखाना’ म्हणत. हा शब्द आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. अजब वस्तु पाहावी, तोंडांत बोट घालावें, आणि आलों तसें परत जावें, एवढाच ज्या स्थळाचा उपयोग, त्यास दुसरें नांव शोभणार तरी कोणतें? शब्द आज मागें पडला, पण वृत्ति कायम आहे. शाळेच्या सहलीचा देखावा आमच्या बहुतेक वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिला असेल. दोनशें मुलें, चार शिक्षक आणि एक शिट्टी. ‘हात लावूं नका’, ‘रांग मोडूं नका’, ‘पुढें चला’ या तीन आज्ञांपलीकडे चौथें वाक्य मुलांच्या कानीं पडत नाहीं. ममीच्या पेटीपाशीं ढकलाढकल होते, कोणी किंचाळतें, कोणी हसतें, आणि पाऊण तासांत पांच हजार वर्षांचा इतिहास आटोपून मुलें डबे उघडावयास बाहेर येतात. दुसऱ्या दिवशीं वर्गांत ‘काय पाहिलें?’ म्हणून विचारलें तर ‘मेलेलें माणूस’ एवढेंच उत्तर मिळतें. देखल्या देवा दंडवत म्हणतात तें हेंच.

अलीकडे या स्थितींत सुधारणा म्हणून कांहीं शाळा व संग्रहालयें मुलांकडून नानाविध उपक्रम करून घेऊं लागलीं आहेत. कागदाचा मुखवटा करून तो सोनेरी रंगानें रंगविणें, एका मुलास उभें करून त्याच्याभोंवतीं कागदाच्या पट्ट्या गुंडाळणें, इजिप्ती चित्रलिपींत आपलें नांव छापणें, पुठ्ठ्याचा पिरॅमिड बांधणें, असे ते खेळ असतात. केवळ पोपटपंचीहून हें शतपटीनें बरें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. मूल हातांनीं शिकतें, हें तत्त्व आमच्या प्रांतांत ताराबाई मोडक यांनीं आपलें आयुष्य वेंचून सिद्ध करून दाखविलें आहे. तें पुन्हां सिद्ध करण्याची गरज नाहीं. परंतु हात चालले म्हणजे डोकेंही चाललेंच, असें मात्र मुळींच नाहीं. मुखवटा रंगविणाऱ्या मुलास तो मुखवटा कोणीं घडविला हें ठाऊक नसेल, आणि पट्ट्या गुंडाळणाऱ्या मुलास आपण कोणत्या प्रसंगाची नक्कल करीत आहों याची जाणीव नसेल, तर त्या दिवशीं अजबखान्यांत आणखी एका अजब खेळाची भर पडली, एवढाच त्याचा अर्थ.

आमचें म्हणणें असें कीं, वस्तूपुढें उभें राहिल्यावर मुलानें तिला तीन प्रश्न विचारावयास शिकावें. तुला कोणीं केलें? तुझी हकीकत आम्हांस कशावरून कळली? आणि तूं येथें कशी आलीस? जो उपक्रम यांपैकीं एखाद्या प्रश्नाकडे मुलास नेतो तो शिक्षणाचा. जो नेत नाहीं तो करमणुकीचा. इजिप्तचा इतिहास या कामीं इतका सोयीचा आहे कीं, त्याहून सोयीचा शोधूनही सांपडणें कठीण. कारण तेथील कोरड्या वाळूनें राजांच्या सोन्याबरोबर मजुरांचे हिशेबही जपून ठेविले आहेत.

पहिल्या प्रश्नाचें उदाहरण घेऊं. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें चुनखडीच्या दगडाची एक चीप आहे. सोन्याच्या शोधांत आलेला प्रेक्षक तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीं. दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकीर्दीच्या चाळिसाव्या वर्षीं, म्हणजे इसवी सनापूर्वीं तेराव्या शतकांत, राजांचीं थडगीं खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांच्या वसाहतींत एका कारकुनानें तिच्यावर हजेरी मांडिली आहे. या गांवास आज देर-एल-मदीना म्हणतात. चाळीस कामकऱ्यांचीं नांवें एका कडेस आहेत. पुढें ज्या ज्या दिवशीं माणूस कामावर आला नाहीं तो तो दिवस काळ्या शाईनें लिहिला असून त्याच्यावर कारण तांबड्या शाईनें दिलें आहे. कोणी आजारी होता. कोणाचे डोळे दुखत होते. कोणास विंचू चावला. कोणी घरीं बिअर गाळण्यांत गुंतला होता. कोणाच्या घरीं पत्नीस किंवा मुलीस मासिक ऋतु प्राप्त झाला होता. आणि कोणी आपल्या आईचें प्रेत गुंडाळीत होता.

आतां असा उपक्रम कल्पावा कीं, प्रत्येक मुलास एक खापराचा किंवा पाटीचा तुकडा द्यावा, काळी व तांबडी अशा दोन शाया द्याव्या, आणि आपल्या वर्गाची एका आठवड्याची गैरहजेरी कारणांसह त्यावर मांडावयास सांगावें. मग त्या प्राचीन चिपेचें चित्र पुढें ठेवून तिचा अर्थ वाचून दाखवावा. यास ना सोनेरी रंग लागतो, ना पुठ्ठा. परंतु सव्वातीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या गांवांतही डोळे दुखत होते, विंचू चावत होते, आणि आई गेली म्हणजे मुलगा कामावर जात नव्हता, हें ज्या मुलास एकदां कळलें त्यास प्राचीन इजिप्त पुन्हां ‘अजब’ वाटणार नाहीं. त्यास तेथें शेजारी दिसूं लागतील.

याच गांवच्या कामकऱ्यांनीं पुढें तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षीं, वेतन म्हणून मिळणारें धान्य थकलें तेव्हां, हत्यारें खालीं ठेविलीं, वसाहतीच्या सीमा ओलांडून ते देवळामागें जाऊन बसले, आणि आम्ही उपाशी आहों असें त्यांनीं अधिकाऱ्यांस बजाविलें. हा वृत्तांत एका पपायरसावर लिहिलेला असून तो इटलींतील तुरिन शहराच्या इजिप्ती संग्रहालयांत आहे. लेखी पुरावा उपलब्ध असलेला जगांतील हा सर्वांत जुना संप समजतात. ज्या वर्गांत मुलें राजांच्या नांवांची जंत्री घोकतात, त्या वर्गांत हा प्रसंग नाट्यरूपानें करवून पाहावा; कांहीं मुलें कामकरी, कांहीं अधिकारी, एक कारकून. राजसत्ता म्हणजे काय, वेतन म्हणजे काय आणि भूक म्हणजे काय, हे तीन धडे एका तासांत होतात.

पिरॅमिडांची गोष्ट तीच. उडत्या तबकड्यांतून आलेल्या परग्रहवासीयांनीं ते बांधले, असें सांगणारीं पुस्तकें व चित्रपट यांचा आज सुळसुळाट झाला आहे, आणि मुलें तें खरें मानतात. हा गैरसमज केवळ गमतीचा नव्हे. माणसाच्या श्रमांवर व बुद्धीवर अविश्वास हें त्याचें मूळ आहे. आमच्याकडेही लेणीं दिसलीं कीं पांडवांनीं एका रात्रींत खोदलीं म्हणून सांगण्याची चाल आहे. छिन्नी धरणाऱ्या हाताचें नांव घ्यावयास आमची जीभ उचलत नाहीं. यावर उपदेश करण्यापेक्षां गणित घालावें. खुफूच्या पिरॅमिडांत सुमारे २३ लक्ष दगड आहेत असा अंदाज आहे. बांधकामास वीस वर्षें धरलीं आणि रोज दहा तास काम चाललें असें मानलें, तर दर किती मिनिटांस एक दगड बसवावा लागेल? मुलें हिशेब करतील आणि उत्तर येईल, सुमारे दोन मिनिटांस एक. मग त्यांस आपोआप पुढचे प्रश्न सुचतील: इतके लोक राहत कोठें? खात काय? दगड आणीत कसे? या प्रश्नांचीं उत्तरें उत्खननानें दिलीं आहेत. गीझा येथें कामकऱ्यांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या आणि त्यांचीं थडगीं सांपडलीं आहेत. मोडून पुन्हां सांधलेलीं हाडेंही सांपडलीं आहेत. तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी-अल-जर्फ येथें २०१३ सालीं मेरेर नांवाच्या एका मुकादमाची रोजनिशी मिळाली. तिच्यांत तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड नावांत घालून गीझास कसे पोंचविले, हें दिवसवार नोंदलेलें आहे. एका रोजनिशीपुढें शंभर उडत्या तबकड्या फिक्या पडतात, हें मुलानें स्वतः पाहावें.

दुसरा प्रश्न, कळलें कशावरून? येथें चित्रलिपींत नांव छापण्याच्या खेळाचा विचार केला पाहिजे. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांस सव्वीस चित्रें जोडलेला तक्ता मुलापुढें ठेवितात, मूल ठसे उमटवितें, आणि इजिप्ती लोक अ-ब-क च्या जागीं पक्षी व साप काढीत, एवढें ज्ञान घेऊन घरीं जातें. तें ज्ञान चुकीचें आहे. त्या लिपींत शेंकडों चिन्हें होतीं. कांहीं एका व्यंजनाचीं, कांहीं दोन-तीन व्यंजनांचीं, कांहीं उच्चारच नसलेलीं, केवळ अर्थ दाखविणारीं. आणि स्वर बहुधा लिहीतच नसत. त्यापेक्षां फ्रेंच पंडित शांपोलियों यानें १८२२ सालीं जें कोडें सोडविलें त्याचाच एक तुकडा मुलांस सोडवूं द्यावा. रोझेटा येथील शिळेवर तोलेमी राजाचें नांव लांबट कड्यांत लिहिलेलें आहे. फिली येथून नेलेल्या एका स्तंभावर तशाच कड्यांत क्लिओपात्रा हें राणीचें नांव आहे. दोन्ही कडीं मोठीं काढून मुलांच्या हातीं द्यावीं आणि दोन्हींत सारखीं चिन्हें शोधा म्हणावें. राजाचें नांव ग्रीक भाषेंत ‘प्तोलेमाइओस’ असें आहे, एवढें आधीं सांगावें. बसलेला सिंह एका नांवांत चौथा आहे, दुसऱ्यांत दुसरा. अर्थात् तो ‘ल’ असला पाहिजे, हें दहा वर्षांचें मूल ओळखील. ‘त’ मात्र राजाच्या नांवांत लहानशा भाकरीनें दाखविला आहे आणि राणीच्या नांवांत हाताच्या चित्रानें. असें कां, यावर वर्गांत वाद होऊं द्यावा. एका ध्वनीस दोन चिन्हें असूं शकतात, हें शांपोलियोंनेंही असेंच ताडलें होतें.

आमच्या मुलांस या ठिकाणीं एक गोष्ट विशेष समजण्यासारखी आहे. इजिप्तचा कारकून देवळाच्या भिंतीवर चित्रलिपि कोरवी, पण हिशेब व पत्रें भराभर लिहावयास हिरॅटिक नांवाची धांवती लिपि वापरी. बाळबोध आणि मोडी यांचें नातें ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या नांदलें, त्यांस हें समजाविण्यास काय अवघड आहे? आणि त्या देशांत लिपि कशी मेली हें सांगतांना तर दूर जावयासही नको. चित्रलिपींतील शेवटचा ज्ञात लेख फिली येथें सन ३९४ मध्यें कोरला गेला. त्यानंतर चौदाशें वर्षें ती वाचणारा कोणी उरला नाहीं. आमच्या शाळांतून मोडी उठून अजून शतकही लोटलें नाहीं, तरी आजोबांच्या पेटींतील खत आज घरांत कोणास वाचतां येत नाहीं. मुलांनीं आपल्या घरचा एखादा मोडी कागद आणावा आणि तो वाचणारें माणूस गांवांत शोधून काढावें. इजिप्तची लिपि कशी विसरली गेली, हें त्या दिवशीं त्यांस पुस्तकावांचून कळेल.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि म्हणूनच बहुधा कोणी विचारूं देत नाहीं. तूं येथें कशी आलीस? हा प्रश्न ममीच्या पेटीपुढें विचारला पाहिजे. प्रेत टिकतें कसें हें शिकविणें सोपें आहे, आणि तें शिकवावेंही. इजिप्ती लोक आंतील इंद्रियें काढून, हृदय मात्र जागीं ठेवून, देह नॅट्रॉन नांवाच्या क्षारांत सुकवीत. विधीस एकंदर सत्तर दिवस लागत. हा क्षार म्हणजे मुख्यतः सोड्याचें व मिठाचें मिश्रण. मुलांनीं सफरचंदाच्या दोन सारख्या फोडी घ्याव्या, एक मीठ व खाण्याचा सोडा यांत पुरावी, दुसरी तशीच उघडी ठेवावी, आणि आठ दिवस रोज दोन्ही तोलून वजन वहींत लिहावें. पाणी गेलें म्हणजे कुजणें थांबतें, हें तराजूच सांगेल. कोंकणांतील मुलांस तर सुकी मासळी दाखवून हें एका वाक्यांत सांगतां येईल.

परंतु एवढ्यावर थांबणें योग्य नाहीं. पेटींत आहे तें माणूस आहे. आईस ‘मम्मी’ म्हणणारीं आजचीं मुलें या शब्दास हसतात. त्यांस त्या हजेरींतील कामकऱ्याची आठवण द्यावी, जो आईचा देह गुंडाळावयाचा म्हणून कामावर गेला नाहीं. ज्या कागदी पट्ट्या आपण हंसत हंसत मित्राभोंवतीं गुंडाळितों, त्या कोणी तरी रडत रडत गुंडाळिल्या होत्या. ज्यांनीं ही गोष्ट विसरली त्यांच्या हातून काय झालें, हें इतिहासांत नमूद आहे. युरोपांत ममींचें चूर्ण औषध म्हणून विकलें जाई. एकोणिसाव्या शतकांत लंडन शहरीं प्रेक्षक जमवून त्यांच्यापुढें ममी उलगडण्याचे सोहळे होत. १८९० सालीं मांजरांच्या सुमारे १,८०,००० ममी लिव्हरपूल बंदरांत खत करण्यासाठीं उतरल्या. उलट पक्षीं १९८० सालीं इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनीं राजांचे देह लोकांस दाखविणें योग्य नव्हे म्हणून कैरो येथील ती खोली बंद करविली. आणि २०२१ सालच्या एप्रिलच्या ३ तारखेस अठरा राजे व चार राण्या यांचे देह राजास शोभेल अशा मिरवणुकीनें नव्या जागीं नेण्यांत आले, तेथें ते आज सन्मानानें ठेविलेले आहेत.

आमच्या देशांतही इजिप्तच्या ममी आहेत: कलकत्त्यास आहे, हैदराबादेस आहे, जयपुरास आहे, आणि मराठी वाचकांस सर्वांत जवळची म्हणजे बडोद्यास आहे. जयपूर येथें २०२० सालच्या ऑगस्टांत पुराचें पाणी संग्रहालयांत शिरलें, तेव्हां तेथील माणसांस ती ममी पेटींतून काढून सुरक्षित जागीं हलवावी लागली. कोठल्या नाईल नदीच्या कांठचें तें माणूस, आणि कोठल्या शहरच्या नोकरांनीं त्यास पुरांतून वांचविलें! ही गोष्ट मुलांस सांगावी आणि मग विचारावें: हें माणूस तुमच्या घरचें असतें तर तें येथें असावें, कीं परत जावें? पाहूं द्यावें, कीं झांकावें? शिक्षकानें निकाल देऊं नये. मुलांनीं आपापलें मत कारणांसह लिहावें. लंडनच्या संग्रहालयांतून वाघनखें २०२४ सालीं कांहीं काळापुरतीं साताऱ्यास आलीं, तेव्हां आमच्यांतील लहानथोरांनीं ‘कांहीं काळापुरतीं कां?’ असें विचारलें होतें. फ्रेंच शिपायांस सांपडून इंग्रजांच्या हातीं पडलेली रोझेटाची शिळा आणि बर्लिनमध्यें असलेला नेफरतितीचा पुतळा यांविषयीं इजिप्तचीं मुलें हेंच विचारतात. जो प्रश्न आपण दुसऱ्यास विचारतों तो आपल्या दाराशीं आला असतां कान झांकून घेणें, यास न्याय म्हणत नाहींत.

कोणी म्हणेल कीं, आपला इतिहास पडला असतां इजिप्तची उठाठेव कशाला? यास आमचें उत्तर असें कीं, तो देश आम्हांस परका नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत इजिप्तमध्यें राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत आमच्या सोपाऱ्याचें, कल्याणचें, पैठणचें व तेरचें नांव आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननांत हिंदुस्थानांतील मिऱ्यांनीं भरलेला रांजण निघाला, आणि २०२२ सालीं तेथेंच बुद्धाची मूर्ति सांपडली. शिवाय दुसऱ्याच्या भूतकाळास प्रश्न विचारावयास मूल भीत नाहीं. तेथें त्याच्या जातीचा, कुळाचा वा देवाचा मान गुंतलेला नसतो. तेथें लागलेली संवय तें पुढें घरीं घेऊन येतें, आणि आमच्या लेण्यांपुढें, गडांपुढें व बखरींपुढें उभें राहून तेच तीन प्रश्न विचारूं लागतें. तेंच आम्हांस पाहिजे आहे. कित्येकांस त्याचीच भीति वाटते, हेंही आम्ही जाणून आहों.

दुसरा आक्षेप वेळेचा व पैशाचा. अभ्यासक्रम पुरा करावयाचा आहे, परीक्षा डोक्यावर आहे, आणि खेड्यांतल्या शाळेनें संग्रहालय आणावें कोठून? हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण वर सांगितलेले उपक्रम पुन्हां पाहिले तर हजेरीची खापर, संपाचें नाटक, दगडांचें गणित, सफरचंदाची फोड आणि घरचा मोडी कागद, यांपैकीं एकासही आगगाडीचें तिकीट लागत नाहीं. संग्रहालय जवळ असेल तर उत्तम. नसेल तर फुटलेलें मडकेंही पुरें आहे. फ्लिंडर्स पेट्री या संशोधकानें सोन्याच्या मागें न लागतां खापऱ्यांच्या घडणींतील फरकावरून इजिप्तच्या प्राचीन थडग्यांचा क्रम लावून दाखविला. उकिरड्यावरील खापऱ्या गोळा करून जुनी कोणती व नवी कोणती हें ठरविणारीं मुलें त्याच शास्त्राचा ओनामा गिरवीत असतात.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. शिक्षकानें मुलांस नेण्यापूर्वीं एकदां स्वतः संग्रहालयांत जाऊन यावें आणि दाखवावयाच्या वस्तु निवडाव्या. पन्नास नव्हे, पांच. मुलें तीसांहून अधिक एका वेळीं नेऊं नयेत. प्रत्येक मुलानें एका वस्तूपुढें अर्धा तास बसावें, पेन्सिलीनें तिचें चित्र काढावें आणि तिला विचारलेले प्रश्न लिहावे; त्यांपैकीं निदान एकाचें उत्तर परत आल्यावर पुस्तकांतून वा वडील माणसांस विचारून शोधावें. संग्रहालयांच्या चालकांनीं वस्तूंखालील पाट्या शुद्ध व सोप्या मराठींत, मुलाच्या उंचीवर लावाव्या, आणि वस्तु कोठून व कशी मिळाली तें त्यांत लिहावें. हात लावूं नका म्हणावयाचें तर हात लावण्याजोग्या प्रतिकृतींची एक पेटी ठेवावी, आणि ती आळीपाळीनें खेड्यांतील शाळांस पाठवावी. पालकांनीं ‘किती पाहिलें?’ असें न विचारतां ‘काय विचारलेंस?’ असें विचारावें. यांत सरकारी ठरावाची वाट पाहण्याजोगें कांहीं नाहीं. एका शाळेनें येत्या महिन्यांत आरंभ केला तरी पुरे.

१९०६ सालीं सयाजीराव महाराजांनीं आपल्या सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. त्याच बडोद्याच्या संग्रहालयांत इजिप्तच्या एका माणसाचा देह विसावलेला आहे. शाळा आणि संग्रहालय या दोन्ही गोष्टी प्रजेच्या शिक्षणासाठींच होत, हें त्या राजास समजत होतें. त्या पेटीपुढें उद्यां एखादें मूल उभें राहील. तें भिऊन किंचाळेल, हसेल, कीं थांबून ‘हें कोण होतें?’ म्हणून विचारील, हें त्या मुलावर अवलंबून नाहीं; त्याच्याबरोबर गेलेल्या मोठ्या माणसांवर आहे. देर-एल-मदीनाच्या त्या कारकुनानें प्रत्येक गैरहजेरीपुढें कारण लिहिण्याची तसदी घेतली. आमच्या शाळांतून मुलाची जिज्ञासा गैरहजर असेल, तर तिचें कारणही कोणी तरी तांबड्या शाईनें लिहिलें पाहिजे. आणि तें लिहितांना आपलें नांव टाळतां येणार नाहीं, हें शिक्षक, पालक व चालक या तिघांनींही ध्यानांत ठेवावें.